ओढ्यापलीकडची माणसं

नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी, श्रावण शुद्ध षष्ठीला, सातारा जिल्ह्यातल्या खंडाळा तालुक्यात बोरी आणि सुखेड या दोन गावांच्या बायका वाजतगाजत गावाबाहेर पडतात, मधल्या ओढ्याच्या दोन काठांवर समोरासमोर उभ्या राहतात आणि एकमेकींना शिव्या घालतात. याला बोरीचा बार म्हणतात. वर्तमानपत्रात दरवर्षी त्याचा फोटो येतो. उंचावलेले हात, उघडी तोंडं, मध्ये पोलीस, आणि खाली चार ओळी. मी सांगलीच्या शाळेत मराठ्यांचा इतिहास शिकवला. मराठ्यांचा इतिहास म्हणजे निम्मी भाऊबंदकीच, त्यामुळं भांडणाच्या बातमीवर चार ओळींत माझं भागत नाही. निवृत्तीनंतर लोणंदला दिलेल्या नणंदेकडं मुक्काम टाकला आणि बार पाहून आले.

सकाळी दोन्ही गावांत बायका फेर धरतात, झिम्मा-फुगड्या खेळतात, देवाला जातात. सगळ्या नव्या लुगड्यात. तोवर कुणाला वाटेल, हा काय साधा श्रावणातला खेळ आहे. दुपारी बाराच्या सुमाराला मात्र वाद्यांची लय बदलते आणि दोन्हीकडून घोळके ओढ्याकडं सरकू लागतात. काठावर पोचेपर्यंत पदर कमरेला खोचलेले असतात. मग सुरू होतं ते शब्दांत ऐकू येतच नाही. हलगी आणि ताशाच्या कडकडाटात एकही शिवी स्पष्ट पोचत नाही, सगळा व्यवहार हातांचा. कोपरापासून हलवलेले हात, नाचवलेली बोटं, टाळ्या. समोरच्या काठावरची एक बाई हेरायची आणि तिलाच उद्देशून हात करायचे. तीही नेमकी तुम्हालाच उत्तर देते. माझ्या शेजारी साठीची एक बाई होती. कपाळावर मोठं कुंकू, हातात कोपरापर्यंत हिरव्या बांगड्या. तिनं पलीकडची अशीच एक समवयस्क धरली होती आणि दोघी श्वास घ्यायलासुद्धा थांबत नव्हत्या. मध्येच कुणीतरी पाण्यात उतरायला बघते, मग महिला पोलीस हाताची साखळी करून तिला मागं सारतात. पलीकडच्या बाईला ओढून आपल्या काठावर आणलं तर तो मोठा विजय. आणि अशी ओढून आणलेली बाई साडीचोळी देऊन मानानं परत पाठवायची, असा रिवाज जुन्या बायका सांगतात.

तासाभरात सगळं आटोपतं. घसा बसलेल्या माझ्या शेजारणीला विचारलं, "मावशी, ती पलीकडची कोण हो?"

"ती व्हय? लोणंदच्या बाजारात माझ्याच शेजारी बसती की."

कथा अशी सांगतात: पाटलाला दोन बायका होत्या, एक बोरीत, एक सुखेडला. ओढ्यावर धुणं धुताना सवतीसवतींचं भांडण जुंपलं, ते हातघाईवर आलं आणि दोघी पाण्यात गेल्या. त्यांची आठवण म्हणून हा बार. कथेला कागदाचा आधार कुणी दाखवत नाही, आणि मलाही तो शोधायची घाई नाही. भांडण परक्यांचं नाही, एका घरातल्या दोघींचं, ही गोष्ट गावानं जपून ठेवली आहे, एवढं मला पुरे.

दोन गोष्टी तिथं डोळ्यांत भरल्या. एक म्हणजे पुरुष. ते मागं, उंचवट्यांवर, झाडांवर उभे राहून बघतात. वाद्यं वाजवायची तेवढी त्यांची कामगिरी, एरवी त्यांना इथं कुणी विचारत नाही. जगात दोन गावांची किंवा दोन संघांची खुन्नस असते तिथं बहुतेक ठिकाणी पुरुष मैदानात नाहीतर पुरुष गॅलरीत, आणि बाई घरी. इथं उलट. दुसरी गोष्ट म्हणजे तिथी. आषाढात ज्ञानेश्वर महाराजांची पालखी नीरा ओलांडून याच तालुक्यात येते, लोणंदला मुक्काम करते आणि पुढं चांदोबाच्या लिंबाला पहिलं उभं रिंगण होतं. तेव्हा याच पंचक्रोशीतल्या बायका एकमेकींच्या पाया पडून ‘माउली’ म्हणतात. महिन्याभरानं ओढ्यावर त्याच तोंडानं बार भरतो. यात विसंगती आहे असं तिथं कुणालाही वाटत नाही. मलाही वाटलं नाही.

घरी येऊन नातवाला सगळं सांगितलं. तो लिव्हरपूलवाला. त्याचा बाप, म्हणजे माझा मुलगा, मँचेस्टर युनायटेडवाला. दोघांनी ती शहरं कधी पाहिलेली नाहीत, पण सामन्याच्या रात्री आमच्या विश्रामबागच्या घरात कुणी कुणाशी धड बोलत नाही. नातू म्हणाला, "आज्जी, हे तर सेम आमच्यासारखंच." मग मी त्याचा फुटबॉल इतिहासाच्या अंगानं वाचायला घेतला, आणि ओढा तिथंही सापडला.

इंग्लंडमध्ये डर्बीशायर परगण्यात ॲशबोर्न नावाचं गाव आहे. त्याच्या मधून हेनमोर नावाचा ओढा वाहतो. लेंट या उपासाच्या काळाआधीच्या मंगळवारी आणि त्याच्या दुसऱ्या दिवशी, असे दोन दिवस सगळं गाव एका चेंडूमागं धावतं. संघ दोनच: ओढ्याच्या उत्तरेला जन्मलेले एकीकडं, दक्षिणेला जन्मलेले दुसरीकडं. गोल एकमेकांपासून तीन मैलांवर, जुन्या गिरण्यांच्या जागी. चेंडू दगडावर तीनदा आपटला की गोल. खेळ ओढ्याच्या पाण्यातूनही चालतो. दुकानदार आदल्या दिवशी काचांवर फळ्या ठोकून ठेवतात. खून करायचा नाही, स्मशानभूमीत शिरायचं नाही, चेंडू गाडीतून न्यायचा नाही, असे नियम. १९२८ साली खुद्द युवराज एडवर्ड यांनी चेंडू उडवून खेळ सुरू केला, तेव्हापासून त्याला ‘रॉयल’ म्हणतात. असे खेळ इंग्लंडात पूर्वी गावोगाव होते. १८३५ च्या हायवे कायद्यानं रस्त्यावर फुटबॉल खेळण्याला बंदी आली. खुद्द डर्बी शहरातला खेळ १८४० च्या दशकात सैन्य बोलावून बंद पाडला. ॲशबोर्नचा मात्र टिकला.

नॉटिंगहॅमची दोन मैदानं ट्रेंट नदीच्या दोन काठांवर, हाकेच्या अंतरावर. १८६२ सालचा नॉट्स काउंटी हा क्लब एका काठाला, १८६५ सालचा फॉरेस्ट दुसऱ्या. पण मला खरा रस वाटला तो लिव्हरपूलच्या कथेत, कारण ती मी माहेरी-सासरी आयुष्यभर ऐकत आले आहे. फक्त त्यात चेंडूऐवजी गणपती आहे.

माझं माहेर मिरजेचं, सासर सांगलीचं. बाहेरच्या माणसाला ही दोन गावं एकच वाटतात. मध्ये आठ-दहा किलोमीटर, आणि तेही आता घरांनी भरलेले. पण पेशवाईत सांगली हे कृष्णाकाठचं साधं खेडं होतं. जहागीर मिरजेची, किल्ला मिरजेचा, पटवर्धन मिरजेचे. चिंतामणराव आप्पासाहेबांना लहान वयात जहागीर मिळाली आणि कारभार गेला काका गंगाधररावांच्या हाती. पुतण्या वयात आल्यावर जे व्हायचं तेच झालं. १८०१ मध्ये वाटणी झाली. मिरज काकांकडं राहिली, चिंतामणराव सांगलीला आले आणि त्यांनी तिथं राजधानी थाटली, गणेशदुर्ग बांधला, गणपतीचं देऊळ उभं केलं. मिरजेहून निघताना घराण्याचा गणपती त्यांनी बरोबर आणला असं सांगलीत अभिमानानं सांगतात. माझे वडील मिरजेचे. ते ‘पळवला’ म्हणायचे, आणि हे बोलताना दीडशे वर्षं उलटून गेली आहेत याचा त्यांच्या आवाजात मागमूस नसे.

आता लिव्हरपूल बघा. एव्हर्टन हा तिथला जुना क्लब, १८७८ सालचा. तो ॲनफील्डवर खेळत असे. मैदानाचे सूत्रधार जॉन हाउल्डिंग, बिअरचे कारखानदार. भाड्यावरून आणि कारभारावरून खटका उडाला आणि १८९२ मध्ये क्लबानं बिऱ्हाड उचलून स्टॅनले पार्कच्या पलीकडं गुडिसन पार्कवर नेलं. हाउल्डिंगसाहेबांकडं मैदान राहिलं, खेळायला कुणी नाही. त्यांनी नवा क्लब काढला, त्याचं नाव लिव्हरपूल. म्हणजे मूळ घराणं नव्या जागी गेलं आणि जुन्या वाड्यात नवं घराणं नांदू लागलं. दोन्ही मैदानं पार्काच्या अल्याडपल्याड, मैलभरसुद्धा अंतर नाही. २०२५ मध्ये एव्हर्टन गुडिसन सोडून बंदरावरच्या नव्या स्टेडियममध्ये गेला, तोपर्यंत हे शेजारपण सव्वाशे वर्षांहून जास्त चाललं. एकाच घरात बाप लाल, म्हणजे लिव्हरपूलचा, आणि मुलगा निळा, म्हणजे एव्हर्टनचा, असं तिथं सर्रास असतं. मिरज-सांगलीच्या सोयरिकीत वाढलेल्या बाईला हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

माझ्या लग्नात सासूबाई म्हणाल्या होत्या, "मिरजेची आहे, गाणं असेल गळ्यात, हिशेब नसेल." मिरजेत तंतुवाद्यं बनतात, अब्दुल करीम खाँसाहेब तिथं राहिले, दर्ग्याच्या उरसात अजून गाणं होतं. सांगलीला हळदीचा बाजार. सासूबाईंचं म्हणणं अगदीच निराधार नव्हतं. पण सांगलीला नुसतं व्यापारी म्हटलं की सांगलीकर उसळतो: विष्णुदास भाव्यांनी १८४३ मध्ये ‘सीतास्वयंवर’ केलं ते कुठं? सांगलीत, आणि तेही चिंतामणरावांच्या आश्रयानं. देवल हरिपूरचे, खाडिलकर सांगलीचे. यावर मिरजकराचा हुकमी पत्ता बालगंधर्व. घराणं नागठाण्याचं, म्हणजे जिल्ह्याच्या हिशेबानं सांगलीकडचं. पण १९०५ साली किर्लोस्कर मंडळीत रंगभूमीवर पहिलं पाऊल पडलं ते मिरजेत. आमच्या घरी हा वाद जेवणाच्या पानावर कितीदा झाला असेल! माझे वडील आणि सासरे, दोघंही शांत गृहस्थ, पण बालगंधर्वांचं नाव निघालं की आमटी गार व्हायची.

रेल्वेचं जंक्शन मिरजेत, त्याची ठसठस सांगलीला अजून आहे. जिल्ह्याचं नाव सांगलीला, ती मिरजेला. विलिंग्डन कॉलेज १९१९ मध्ये निघालं ते शहाणपणानं दोन्हींच्या मध्ये. आणि ९ फेब्रुवारी १९९८ ला महापालिका झाली तेव्हा नाव ठेवावं लागलं सांगली-मिरज-कुपवाड. एकही गाव गाळायची कुणाची छाती झाली नाही.

जिल्ह्याच्या नावाचं सांगायचं तर आमचा जिल्हा मुळात साताऱ्याचाच तुकडा. संस्थानं विलीन झाल्यावर १९४९ मध्ये तो वेगळा काढला तेव्हा त्याचं नाव होतं दक्षिण सातारा. सांगली हे नाव १९६० मध्ये मिळालं. आणि याच मुलखाच्या दक्षिणेला वारणा आहे, तो आमचा सगळ्यात मोठा ओढा. औरंगजेबानंतर १७०७ मध्ये शाहू महाराज सुटून आले, ताराबाईंनी त्यांना मानलं नाही, आणि सातारा-कोल्हापूर अशा दोन गाद्या झाल्या. दोन्हीकडं शिवाजी महाराजांचेच नातू. चोवीस वर्षं हा झगडा चालला. १७३० मध्ये सातारकरांनी वारणेकाठी कोल्हापूरच्या छावणीवर छापा घातला, राजघराण्यातल्या स्त्रिया हाती लागल्या. शाहूंनी त्यांना सन्मानानं परत पाठवायला सांगितलं. ताराबाईंनी मात्र परत जायचं नाकारलं आणि साताऱ्यातच राहणं पसंत केलं. काय त्यांच्या मनात असेल ते असो, साताऱ्याला पुढं त्यांनी स्वस्थता लाभू दिली नाही. १७३१ मध्ये वारणेचा तह झाला: उत्तर सातारा, दक्षिण कोल्हापूर. बोरीची साडीचोळी ऐकताना मला ही वारणाकाठची पाठवणी आठवली होती. शाळेत हा धडा शिकवताना मुलं तारखांना कंटाळायची. बोरीची गोष्ट तेव्हा माहीत असती तर तिथूनच सुरुवात केली असती.

अशी जोडभांडणं आमच्याकडं पावलोपावली आहेत. विट्याला दसऱ्याला पालख्यांची शर्यत लागते: एक विट्याच्या रेवणसिद्धाची, एक सुळेवाडीच्या मूळस्थान रेवणसिद्धाची. देव एकच, पालख्या दोन. खांदा देणारे धावतात, समोरच्यांची वाट अडवतात, आणि जिंकल्यावर देव जिंकला असं म्हणतात. हरलेला कोण, हे विचारायचं नाही! पावसाळ्यात कृष्णेला पाणी आलं की सांगलीत होड्यांच्या शर्यती होतात; सांगलीवाडी, डिग्रज, कवठेपिरान, समडोळी असे काठाकाठाचे गट उतरतात आणि १९२९ च्या आयर्विन पुलावर कठड्याला माणसं चिकटतात. तमाशाच्या फडात पूर्वी कलगीवाले आणि तुरेवाले असत, शक्ती श्रेष्ठ की शिव श्रेष्ठ यावर रात्र रात्र सवाल-जवाब चालत आणि ऐकणारेही वाटून घेतलेले असत. यांतलं प्रत्येक एका लेखाचा विषय आहे.

पण चेंडूवरून पेटणारं वैर बघायचं तर वारणा ओलांडून कोल्हापूरला जावं लागतं. मिरजेतही फुटबॉल आहे, पण कोल्हापुरात त्याला पेठ आहे. तिथं इंग्रजांचा खेळ तालमीत शिरला. लाल मातीच्या आखाड्यांची जी नावं, तीच संघांची: पाटाकडील तालीम, खंडोबा तालीम, दिलबहार तालीम, बालगोपाल तालीम, शिवाय शिवाजी तरुण मंडळ, प्रॅक्टिस क्लब. १९४० पासून कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशन आहे, सामने शाहू स्टेडियमवर. २०१७ मध्ये भारतात सतरा वर्षांखालच्यांचा विश्वचषक झाला, त्यात कोल्हापूरचा अनिकेत जाधव खेळला. गल्लीतल्या पोराला आपला संघ निवडावा लागत नाही; ज्या पेठेत पाळणा हलला, तो संघ. ॲशबोर्नच्या ओढ्याचा नियम तो हाच.

आणि कोल्हापुरात हाणामाऱ्याही होतात. गॅलरीतून दगड येतात, सामना संपल्यावर रस्त्यात गाठतात, गुन्हे दाखल होतात, स्पर्धा मध्येच थांबवाव्या लागल्या आहेत. इंग्लंडनं याहून भयंकर पाहिलं. मे १९८५ मध्ये ब्रसेल्सच्या हेसेल स्टेडियमवर लिव्हरपूलच्या समर्थकांनी इटालियन प्रेक्षकांवर चाल केली, भिंत कोसळली, ३९ माणसं मेली. इंग्लिश क्लबांना युरोपच्या स्पर्धांत पाच वर्षं बंदी झाली. नातवाला हे सांगितलं तेव्हा तो गप्प बसला. त्याच्या लाल टीशर्टाच्या इतिहासात हे पान त्याला कुणी दाखवलं नव्हतं.

पण मी त्याला पुढचंही पान दाखवलं. एप्रिल १९८९ मध्ये हिल्सबरो मैदानावर गर्दी हाताळण्यात पोलिसांनी केलेल्या चुकांमुळं चेंगराचेंगरी झाली आणि त्यात लिव्हरपूलचे ९७ समर्थक गेले. त्यानंतरच्या आठवड्यात लाल आणि निळे स्कार्फ एकमेकांना गाठी मारून गुडिसनपासून ॲनफील्डपर्यंत, स्टॅनले पार्क ओलांडून, एक लांब माळ बांधली गेली. त्यातले निळे स्कार्फ शत्रूचे होते.

बोरीचा बार बंद करा असं दरवर्षी कुणीतरी म्हणतं. असभ्य आहे, बायकांना शोभत नाही वगैरे. मला तसं वाटत नाही. त्या भांडणाला दिवस ठरलेला आहे, वेळ ठरलेली आहे, काठ ठरलेला आहे आणि पलीकडची हाती लागली तर तिला कसं परत पाठवायचं तेही ठरलेलं आहे. एवढी शिस्त आमच्या कुठल्या सभागृहात दिसते? धोका शिव्यांत नाही. मोबाइलवर चोवीस तास, तीनशे पासष्ट दिवस, तोंड न दाखवता जी भांडणं पेटवली जातात, त्यांना ना काठ ना तिथी. कोल्हापुरातही सामन्याआधीच पोरांची डोकी फिरतात ती तिथंच. इंग्रजांनी कायदा करून खेळ बंद पाडले, पण खुन्नस काही मेली नाही, ती मैदान शोधत राहिली.

तेव्हा कोल्हापूरच्या पेठांना माझी एक विनंती आहे. तुमच्याकडं साडीचोळी चालायची नाही, हे मला कळतं. पण अंतिम सामना जिंकणाऱ्या तालमीनं हरलेल्या तालमीला आपल्या पेठेत बोलावून जेवू घालायचं, एवढा एक नियम करून बघा. चषक घेऊन मिरवणूक काढायला जो खर्च होतो त्याच्या निम्म्यात भागेल, आणि तांबडा-पांढरा कसा करायचा हे तुम्हाला सांगलीच्या बाईनं शिकवायला नको.